सूचनाफलकाची किल्ली

रसायनशास्त्र विभागाच्या सूचनाफलकाला काच आहे,
काचेला कुलूप, आणि किल्ली माझ्याकडे, सत्तावीस वर्षं.
विभागप्रमुख सहा बदलले. कुलूप तेच.
सर म्हणाले, इरण्णा, हे लाव.
लावलं. चार टाचण्या, त्यातली एक वाकडी.

पीएच.डी.साठी जागा दोन, विद्यावेतनासह.
रकमेचा आकडा ठळक.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात: निधीच्या उपलब्धतेनुसार.
मी आठवी नापास,
पण बारीक अक्षर आधी वाचायचं
हे या इमारतीनंच शिकवलंय.

मे महिना होता. केगावचा माळ तव्यासारखा,
बोअरचं पाणी नळातूनच गरम यायचं,
कंडेन्सरला थंड करायचं तर
मी घरून बर्फाचा डबा आणायचो, भिजक्या पोत्यात.

ती आली दुपारी अडीचला, ओढणीनं तोंड बांधलेलं.
काचेवर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली,
बोटाचा घाम काचेवर राहिला.
ओठांत तेलुगूत कसलासा हिशेब केला.
आकडा विड्यांत मोजत असणार,
माझी बायकोही वळायची, मला ते पुटपुटणं ओळखू येतं:
हजाराला इतके, तर इतक्याला किती हजार.
मग मराठीत म्हणाली,
काका, हे पैसे दर महिन्याला येतात?
येतात की, म्हटलं.
पण दर महिन्याला नाही.

नागमणी येमूल.
वडील अक्कलकोट रोडला रंगखात्यात.
सोमवारी हात जांभळे, गुरुवारी हिरवे,
धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोत दोन्ही खिशात.
हे तिनं नंतर सांगितलं, बीकर विसळताना,
सांगण्यासारखं काही नसल्यासारखं.

मुलाखतीला नऊ जण.
पुण्याहून आलेल्या एकाचा टाय, त्या उन्हात.
हिच्या पिशवीत सोड्याची बाटली,
बाटलीत नाल्याचं पाणी.
मी चहा घेऊन आत गेलो तेव्हा
बाटली टेबलावर होती आणि साहेब लोक खुर्च्या मागे सारून.
यातला रेणू कोणता? बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं.
माहीत नाही सर.
डब्यावर नुसता नंबर असतो.
वडील बारा वर्षं त्यात हात घालतात, त्यांनाही माहीत नाही.
कपबशी माझ्या हातात वाजली.

यादीत ती तिसरी. जागा दोन.
मीच लावली यादी, मीच कुलूप घातलं.
टायवाल्याला हैदराबादला औषधाच्या कंपनीत नोकरी लागली
म्हणून ऑक्टोबरात हिला पत्र गेलं.
रुजू झाली. पैसे आले मार्चमध्ये,
सगळे एकदम, जसे येतात.

पेढे नाहीत वाटले तिनं.
उसनवारीची वही काढली, एकेक नाव खोडत बसली
फ्यूम हूडच्या शेजारच्या स्टुलावर.
त्यात माझंही होतं, तीनशे चाळीस, बसपासचे.
मी विसरलो होतो म्हणालो. ते खोटं होतं.

आता डाळिंबाच्या सालींचा कोळसा करते,
भट्टीजवळ गोडूस करपट वास,
डोळे लाल, वही काळी.
म्हणते, कोळसा रंग धरून ठेवतो.
म्हणते, धरायला पाहिजे.

काल सरांनी नवा कागद दिला. जागा एक.
ठळक आकडा थोडा वाढलाय,
मुंगी तेवढीच.
वाकडी टाचणी मी जपून ठेवलीये, तीच लावली.
तेवढ्यात ती आतून ओरडली, काका, जरा उजेडात या.
खिडकीशी दोन नळ्या धरून उभी.
माझे डोळे तीन दिवस हेच बघतायत, तुम्ही सांगा,
फिकी कोणती?

मी चष्मा पुसला. डावी बघितली, उजवी बघितली.
दोन्ही सारख्याच जांभळ्या, बाई.

बरं, म्हणाली.
आणि वहीत तेही लिहिलं, वेळेसकट.